घुबडाच्या गोळीतली दाढ

४ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. मामीला दोन नमस्कार; त्यातला एक तुला दिवसभर घरात सांभाळत असल्याबद्दल.

बातमी चांगली आहे. विभागाने अखेर मला स्वतःची प्रयोगशाळा दिली. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली. आत शिरताना वाकावं लागतं, आणि बाहेर येताना वाकायचं विसरलं तर कपाळ चोळत यावं लागतं. पण दारावर माझ्या नावाची पाटी आहे, आणि मुख्य म्हणजे पीएचडीच्या एका विद्यार्थ्याची जागा मंजूर झाली आहे, विद्यावेतनासकट.

काम असं आहे. गव्हाणी घुबड उंदीर सबंध गिळतं. मांस पचतं, केस, हाडं, दात यांची एक घट्ट गोळी होते आणि ती ते तोंडातून बाहेर टाकतं. (तोंड वाकडं करू नकोस. ती उलटी नव्हे.) ती गोळी भिजवून चिमट्याने उकलली की आतल्या कवट्यांवरून घुबड काय काय खातं ते कळतं. इथून बरंच लांब, एका छोट्या गावाबाहेर धान्याचं जुनं गोदाम आहे. त्याच्या माळ्यावर घुबडांचं बिऱ्हाड आहे. विद्यार्थ्याने शेजारच्या खोलीत राहायचं, गोळ्या गोळा करायच्या, उकलायच्या, मोजायच्या.

अडचण एवढीच की एप्रिलअखेर जागा भरली नाही तर ती गांडूळवाल्या सरांकडे जाईल. ते आमच्याच विभागात गांडुळांवर काम करतात. त्यांच्याकडे सहा विद्यार्थी आहेत आणि सातव्यासाठी त्यांनी खुर्ची मांडूनही ठेवली आहे. त्यात ऑक्टोबरात माझ्या कामाचा आढावा आहे. रिकामी प्रयोगशाळा दाखवली तर मलाही मोकळं करतील.

तुझ्या दवाखान्यात इतकी वर्षं अर्ध्या शहराने तोंड उघडलं. कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी मुलगी जीवशास्त्र शिकलेली, चिकट कामाला न कंटाळणारी असेलच. सोबत जाहिरात पाठवते. चांगला उमेदवार सुचव.

तुझी,
खारू

१२ मार्च

मा. प्राध्यापिका, पारिस्थितिकी विभाग, यांस
विषय: पीएचडीच्या जागेसाठी अर्ज

महोदया,
आपण प्रसिद्ध केलेल्या जाहिरातीस अनुसरून मी सदर जागेसाठी अर्ज करीत आहे. शिक्षण: दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी. अनुभव: चौतीस वर्षे स्वतःचा दवाखाना. वय: त्रेसष्ट. जाहिरातीत वयाची अट नाही, भिंग घेऊन पाहिले. चिमटा धरण्याचा सराव दांडगा. चिकट कामाचा कंटाळा नाही. याबाबत आपल्या स्वतःच्या दुधाच्या दाढा साक्षीला आहेत. त्यातील एक काढताना आपण मला चावला होतात, त्याचा उल्लेख शिफारशीत नसावा.

आपला विश्वासू,
(सही)

अगं खारू,

वरचा कागद कचेरीचा, हा घरचा. दोन्ही एकाच पाकिटात घातले, कारण मामीने दुसरं पाकीट दिलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू नेहमी कुठेतरी निघालेली असतेस. कागद वाचायला माणसाला बसावं लागतं.

पहिला कागद वाचून हसली असशील तर हसून घे आणि परत वाच. मी थट्टा करत नाही. लहानपणी तुझे पुढचे दोन दात बघून तुझं नाव मी 'खारू' ठेवलं, तेव्हाच मला प्राणिशास्त्रात गती होती म्हणायची. मामी म्हणते विभागाचं नाव 'पारिस्थितिकी' फार समर्पक आहे, आपल्या घरची परिस्थितीच ती आहे. ती कशाबद्दल बोलत होती ते मी विचारलं नाही.

तुझा मामा

२० मार्च

प्रिय मामा,

कचेरीचा कागद मी ड्रॉवरमध्ये उपडा घालून ठेवला आहे. घरच्या कागदाला उत्तर देते.

मी उमेदवार सुचव म्हटलं होतं, उमेदवार हो असं नव्हे. तुझा उत्साह मला कळतो, पण काम काय आहे ते समजून घे. माळ्यावर जायला जिना नाही, शिडी आहे. उन्हात वरचा पत्रा तापतो. वर्षातून दोनदा इथे येऊन बाविशीतल्या मुलांबरोबर वर्गात बसावं लागतं आणि संख्याशास्त्राची परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत भलीभली मुलं रडतात. मुलाखत असते. आणि नातेवाइकाला घ्यायचं नाही असा विद्यापीठाचा नियम आहे. म्हणजे असणारच.

तू बागकाम का करत नाहीस?

खारू

२९ मार्च

प्रिय खारू,

तू आतून कळवलेल्या सूचना फार उपयोगी पडल्या. बाकीच्या उमेदवारांना तू हे सांगितलं नसशील, तेव्हा आपल्या दोघांतच राहू दे.

शिडी आणली. रोज सकाळी पुढच्या भिंतीला लावून चढतो आणि उतरतो. शेजारी विचारतात, "डॉक्टर, वर काय आहे?" मी म्हणतो, "पीएचडी." परवा मीच वर असताना मामीने शिडी काढून घेतली. ती म्हणते चुकून काढली.

संख्याशास्त्राचं पुस्तक आणलंय. पहिल्या धड्यात रडू आलं नाही. दुसऱ्यात डोळे पाणावले, पण तो चष्म्याचा नंबर असेल.

नातेवाइकांच्या नियमाबद्दल मी थेट कुलसचिवांनाच लिहिलं. त्यांचं उत्तर सोबत जोडलंय. यादीत नवरा, बायको, मुलं, आईवडील, भावंडं, सासूसासरे, दीर, नणंद, जावई, सून, झाडून सगळे आहेत. मामा नाही. नियम करणाऱ्याला मामा नसावा, किंवा असलाच तर फार चांगला असावा.

बागकाम करून पाहिलं होतं. मामीने झाडं माझ्याकडून काढून घेतली.

मुलाखतीच्या तारखेची वाट बघतोय.

मामा

२ एप्रिल

प्रिय खारू,

हे पत्र मामाला न सांगता लिहिते आहे.

त्याला घे.

हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत दवाखान्यात असेल असं गृहीत धरून मी लग्नाला होकार दिला होता. आता तो घरी असतो. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते, त्या कामाला शांतता लागते. हा खुर्चीमागे उभा राहून वाचतो आणि विचारतो, "मग त्या बाईचं पुढे काय झालं?" भाजीवाल्याला त्याने अक्कलदाढेबद्दल असं काही सांगितलं की तो बिचारा आता पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

हे झालं हसण्यावारी. जे तो तुला लिहिणार नाही ते मी लिहिते. दवाखाना विकला तेव्हा त्याने पेशंटची खुर्ची विकली नाही. ती आमच्या दिवाणखान्यात आहे. दुपारी तो तीत बसतो, ती मागे रेलवतो आणि छताकडे बघत राहतो. हातात वर्तमानपत्र नाही, रेडिओ नाही. एकदा मी विचारलं, "काय बघतोस?" म्हणाला, "पेशंटला काय दिसायचं ते बघतोय." दवाखाना गेल्यापासून तो तेवढंच बघतोय गं.

तुझी जाहिरात आली त्या दिवशी जो उठला तो अजून बसलेला नाही.

जमलं तर बघ. नसेल जमत तर निदान शिडी कुठे लपवू ते कळव.

मामी

८ एप्रिल

श्री. डॉक्टर यांस
आपला अर्ज छाननीत पात्र ठरला आहे. मुलाखत २२ एप्रिल, सकाळी अकरा. मूळ प्रमाणपत्रे आणावीत.
प्राध्यापिका

मामा,

घरचा कागद. समितीत मी नसेन. नियमाने बसता येतं, पण मलाच ते बरं वाटत नाही, तसं मी कळवलंय. समितीत तिघं आहेत: आमच्या विभागप्रमुख बाई, गांडूळवाले सर, आणि बाहेरचे एक पाहुणे, जे प्रत्येक मुलाखतीत झोपतात. तुझ्याशिवाय एकच अर्ज आलाय.

एक हात जोडून विनंती. समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या डोळ्यांकडे बघ. तोंडात बघू नकोस.

खारू

२४ एप्रिल

प्रिय खारू,

झालं ते सगळं सांगतो, म्हणजे तू कुणाच्या ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवायला नको.

दुसरा उमेदवार आधी आत जाऊन आला. हुशार पोरगा. बाहेर येऊन मला हळूच विचारतो, "काका, तिथे घुबडं असतात?" म्हटलं, "असणारच." तो म्हणाला, "मला वाटलं नुसत्या गोळ्या असतात." आणि जिना उतरून निघून गेला.

मग मी. गांडूळवाल्या सरांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

म्हटलं, "अडुसष्टात."

"तसं नाही हो, संशोधनात."

"संशोधनातही अडुसष्टातच."

पाहुणे तेवढ्यापुरते जागे झाले, हसले आणि परत झोपले.

बाईंनी विचारलं, "घुबडांबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?" मी खरं सांगितलं, "काहीच नाही. म्हणून तर आलो." त्यांना ते आवडलं असावं. त्या काहीतरी लिहायला लागल्या आणि तिथेच घोटाळा झाला. मी तुला दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांच्या डोळ्यांकडेच बघत होतो. पण लिहिताना त्या जबडा आवळतात आणि कानाजवळचा स्नायू टणटण उडतो. तो डोळ्यांकडे बघतानाही दिसतो, त्याला मी काय करू? बोलून गेलो, "बाई, तुम्ही झोपेत दात खाता. सकाळी डोकं दुखतं ना?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

मग बाई म्हणाल्या, "बरं. या तुम्ही."

तेव्हापासून मी विचार करतोय. 'या' म्हणजे जा, की 'या' म्हणजे रुजू व्हा?

मामा

३० एप्रिल

प्रिय मामा,

'या' म्हणजे जा असंच होतं.

पण दुसऱ्या मुलाने अर्ज मागे घेतला. सर म्हणाले जागा रिकामीच राहू दे, म्हणजे पुढे त्यांच्याकडे जाईल. बाईंनी कपाळ चोळलं. मग म्हणाल्या, "सकाळी माझं डोकं खरंच दुखतं." आणि सही केली.

अभिनंदन. आजपासून कचेरीच्या कागदावर मी तुझी मॅडम. मला धडकी भरलीय. तुझ्यासाठी की माझ्यासाठी ते अजून ठरलेलं नाही. सामान बांध. मामीला सांग शिडी तिथे आहे, आपली आणायला नको.

खारू

१० जुलै

मा. मॅडम यांस
विषय: पहिला अहवाल (निवडक)

रुग्ण क्रमांक ४१. उंदीर. वरच्या दाढा झिजून सपाट. हिरड्यांबद्दल मत देता येत नाही, हिरड्या उपलब्ध नाहीत. सल्ला: कठीण दाणे टाळावेत.

रुग्ण क्रमांक ४२. चिचुंद्री. दात टोकदार, एकही किडलेला नाही. सल्ला: उत्तम, असेच चालू ठेवावे.

रुग्ण क्रमांक ६३. उंदीर. दाढा नव्याकोऱ्या, कडा धारदार. पुढे काय काय खायचे होते बिचाऱ्याला.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी

खारू, घरचा कागद:

मी मजेत आहे. खोलीला एक खिडकी, एक टेबल, एक दिवा; दिवा माझ्या जुन्या दवाखान्यातल्यापेक्षा बरा. गोदामाचा रखवालदार पहिल्या दिवशी माझ्याशी बोलेना. दुसऱ्या दिवशी गाल धरून आला. आता रोज येतो.

गेल्या आठवड्यात एक ट्रक येऊन थांबला. मामीने पेशंटची खुर्ची पाठवली, बरोबर चिठ्ठी: "तुझी वस्तू तुझ्याजवळ. मला दिवाणखाना परत मिळाला." चौघांनी मिळून ती गोदामात नेली. माळ्याच्या तोंडाखाली ठेवून मागे रेलवली की मान न मोडता सगळं छप्पर दिसतं, गोळ्या कुठल्या तुळईखाली पडतात ते बसल्या बसल्या कळतं. या खुर्चीला वर बघण्यासारखं काहीतरी पहिल्यांदाच मिळालंय.

तुझा मामा

२२ जुलै

श्री. संशोधक विद्यार्थी यांस

आपल्या अहवालात 'सल्ला' या रकान्याची आवश्यकता नाही. रुग्ण हयात नाहीत. यापुढे केवळ प्राणी कोणता आणि संख्या किती एवढेच लिहावे. निदान, शेरे व सहानुभूती लिहू नये. नमुना धुऊ, घासू अथवा चकचकीत करू नये. काही वेगळे आढळल्यास आहे तसे डबीत घालून पाठवावे. प्रत्येक अहवालाची प्रत विभागप्रमुखांना जावी.

प्राध्यापिका

मामा, घरचा कागद लिहायला वेळ नाही. आढावा तोंडावर आलाय, आणि गांडूळवाले सर तुझे अहवाल चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. सगळे हसतात. मला हसू येत नाही.

५ सप्टेंबर

मा. मॅडम यांस

उंदीर: अकरा. घूस: एक. चिचुंद्री: तीन.

वेगळे आढळलेले: दाढ, एक. आकाराने फार मोठी. आतून पोकळ. केस व मळ चिकटलेला. आज्ञेप्रमाणे धुतलेली नाही. शेऱ्यास मनाई असल्याने शेरा नाही. डबी कुरिअरने स्वतंत्र रवाना.

प्रत: विभागप्रमुख.

आपला आज्ञाधारक

११ सप्टेंबर

मामा,

पाकीट झटकून झटकून पाहिलं, घरचा कागद नव्हता. रागावला आहेस. रागावण्यासारखंच लिहिलं होतं मी. पण ते नंतर बोलू, आधी हे सांग की तू काय शोधून काढलंस!

डबी अजून पोचलेली नाही, पण बाईंकडे गेलेली प्रत आख्ख्या विभागाने वाचली. उंदराची दाढ तांदळाच्या कणीएवढी असते. घुबडाच्या घशातून ससासुद्धा जात नाही. मग एवढी मोठी, आतून पोकळ दाढ असणारा प्राणी त्याने गिळला कसा? मी होती नव्हती ती पुस्तकं चाळली. असला प्राणी कुठेही नाही. गांडूळवाले सर तेव्हापासून चहालाही येत नाहीत.

बाई म्हणाल्या, आढाव्याच्याच दिवशी यावर व्याख्यान ठेवू, बाहेरची मंडळी बोलावू. डबी बघितल्याशिवाय मी हो म्हणायला नको होतं. म्हटलं.

मनाई उठवली आहे. शेरे लिही. सगळे लिही. घरचा कागदही लिही, मामा.

खारू

१५ सप्टेंबर

अगं खारू,

मी रागावलो नव्हतो. थोडा रागावलो होतो. 'सहानुभूती लिहू नये' हे वाचल्यावर मी माझं कपाट आवरलं, मग रखवालदाराचं आवरलं. त्याला अजून त्याची विजेरी सापडत नाही. रुग्णपत्रिका मात्र रोज करतच होतो, तुला पाठवत नव्हतो एवढंच. जेवल्यावर चूळ भरावी तशी सवय आहे ती.

आता दाढेची हकीकत. टेबलाशी बसून मोठी गोळी उकलत होतो. तोंडात टॉफी होती. (मामीला कळवू नकोस. आयुष्यभर लोकांच्या पोरांना टॉफीबद्दल दम दिला. इथे दम द्यायला कुणी नाही आणि नाक्यावरच्या दुकानात भलीमोठी बरणी आहे.) टॉफी चांगलीच चिवट होती. चावत असतानाच शिंक आली, आणि शिंक म्हणजे काय, ताटलीतले केस उडून खिडकीला चिकटले! चष्मा पुसून पाहतो तर उरलेल्या गुंत्यात ही बया बसलेली. शिंक आली नसती तर ती तळाशीच राहिली असती आणि जगाला कधी कळलंच नसतं. लगेच उचलली आणि न धुता डबीत टाकली.

मी जन्मभर दाढा पाहिल्या, पण अशी पाहिली नाही. मोठा प्राणी असणार, आणि वयस्कर. त्याला तुझं नाव द्यावं असं मनात आहे.

या आनंदात माझं स्वतःचं मात्र दुर्लक्ष चाललंय. तेव्हापासून वरच्या डाव्या बाजूला गार पाणी लागतं आणि जीभ सारखी तिकडे जाते. पण आता असल्या बारीकसारीक गोष्टींकडे बघायला वेळ कुणाला आहे?

तुझा मामा

१९ सप्टेंबर

मामा,

डबी आली. मी ती धुतली.

आरशासमोर जा. वर, डावीकडे, मागून दुसरी.

खारू

२२ सप्टेंबर

मा. मॅडम यांस
विषय: राजीनामा

सदर दाढ ही माझ्या दाढेवरची कॅप आहे. ती माझ्या दवाखान्यातील सहकारी डॉक्टरने बसवली होती. सिमेंट कच्चे होते असे त्यास वेगळे कळवीत आहे. प्राणी मोठा व वयस्कर आहे हे निदान बरोबर ठरले. बाकी सर्व चुकले. या प्रकारास मी एकटा जबाबदार असून जागेचा राजीनामा देत आहे.

आपला आज्ञाधारक

खारू,

काय लिहू? लोकांच्या कॅपा बसवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला स्वतःची ओळखू आली नाही. ती तुझ्यासाठी काहीतरी मोठं असावी असं इतकं वाटत होतं की ती आणखी काही असू शकते हे मनातच आलं नाही.

सगळं माझ्यावर ढकल. खरंच माझंच आहे. म्हणावं, म्हातारा होता, मामा होता, गळ्यात पडला. तुझी नोकरी जाता कामा नये. सामान बांधायला घेतलंय. घरी जाऊन परत छताकडे बघत बसायचं, एवढंच जरा जिवावर आलंय. हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलं गेलं आणि दुसरा कागद नाही.

मामा

२७ सप्टेंबर

प्रिय खारू,

त्याने फोन करून सांगितलं. मी हसले. तो हसला नाही, तेव्हा मीही थांबले. मग फोन ठेवून पुन्हा हसले.

तुला जे योग्य वाटेल ते कर. माझ्याकडे किंवा त्याच्याकडे बघून करू नकोस. मागे मी गळ घातली होती, आता घालत नाही.

फक्त टॉफीचं खरं आहे का तेवढं कळव.

मामी

९ ऑक्टोबर

श्री. संशोधक विद्यार्थी यांस
आपला राजीनामा नामंजूर करण्यात येत आहे.
प्राध्यापिका

मामा,

व्याख्यान रद्द करता आलं नाही, बाहेरच्या मंडळींना बोलावणी कधीच गेली होती. मी उभी राहिले आणि सरळ सांगितलं, "ही दाढ माझ्या विद्यार्थ्याची आहे. म्हणजे टॉफी चावताना त्याच्या तोंडातून पडलेली आहे. आणि हा विद्यार्थी माझा मामा आहे."

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग विभागप्रमुख बाईंना कळलं. त्या हसायला लागल्या, तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या हसल्यावर सगळेच हसले. गांडूळवाले सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग इतक्या महिन्यांत हाती काय लागलं? एक टॉफी?"

निदान आकडे तरी दाखवावेत म्हणून मी तुझा पहिला अहवाल काढला आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. रुग्ण क्रमांक ४१, वरच्या दाढा झिजून सपाट. ४२, चिचुंद्री, दात टोकदार. ६३, नव्याकोऱ्या, कडा धारदार. आणि वाचता वाचता माझी जीभच अडखळली.

मामा, उंदराचं वय असंच तर काढतात! दाढ किती झिजली आहे त्यावरून. हे मी परीक्षेत लिहून पहिली आले होते. तू प्रत्येक उंदराचं ते लिहून पाठवत होतास, आणि मी तुला सहानुभूती बंद करा म्हणून कळवलं. तुला त्याचा उपयोग माहीत नव्हता, मला माहीत होता आणि दिसला नाही. आपल्यात मूर्ख कोण ते आपण भेटल्यावर ठरवू.

घुबड काय खातं ते सगळे मोजतात. पण ते म्हातारे उंदीर उचलतं की पोरसवदा, हे तुझ्या पत्रिकांवरून सांगता येईल. मी हे तिथेच सगळ्यांना सांगितलं. सर म्हणाले, "बरं, मग कुठले उचलतं?"

मी म्हटलं, "अजून मोजलं नाही. मोजायला माणूस आहे माझ्याकडे, पण तो सामान बांधतोय."

आढाव्यात मला पुढची दोन वर्षं मिळाली. तुलाही मिळाली, एका अटीवर. ती अट बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे: "संशोधकाने नमुने हाताळताना तोंड बंद ठेवावे." जाता जाता त्या हेही म्हणाल्या की हल्ली त्या झोपताना दातांवर काहीतरी बसवतात आणि त्यांचं डोकं दुखायचं थांबलंय.

सामान सोड. पत्रिका पाठव, सगळ्या, सल्ल्यासकट. आणि आधी कुठल्या तरी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन ये.

तुझी खारू

१८ ऑक्टोबर

मा. मॅडम यांस
अट मान्य.
आपला आज्ञाधारक

अगं खारू,

पत्र आलं तेव्हा बॅगा दारात होत्या आणि मी गोदामाच्या पायरीवर बसलो होतो. पत्र वाचलं, रखवालदारालाही वाचून दाखवलं. त्याला फारसं कळलं नाही, पण त्याने एक बॅग उचलून आत नेली. दुसरी जड होती म्हणून तिथेच ठेवली. मी म्हटलं, राहू दे, मी बघतो. तो घरी गेला. मी तसाच बसून राहिलो.

दिवस मावळत होता. डोक्यावर, दाराच्या वरच्या झरोक्यात खरखर झाली. इतके महिने इथे काढले, पण खरं सांगायचं तर घुबड मी धड पाहिलेलंच नव्हतं. मी दिवसा माळ्यावर जाणार, ते तुळईच्या आड माझ्याकडे पाठ करून बसणार, आणि ते निघायच्या वेळी मी टेबलाशी त्याच्याच जेवणात डोकं खुपसून बसलेला असणार. आज ते झरोक्यात आलं आणि थांबलं. मधोमध कापलेल्या सफरचंदासारखा पांढरा चेहरा, काळे डोळे. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मला उगाचच शर्टाची बटणं लावावीशी वाटली.

मग त्याने मान पुढे काढली, डोळे मिटले, अंग एकदा आक्रसून घेतलं, आणि सावकाश, मी काहीही न सांगता, मोठ्ठा आ केला.

चौतीस वर्षं माणसांना त्यासाठी विनवण्या केल्या, गोष्टी सांगितल्या, खोट्या शपथा घेतल्या. हे आपणहून. मी उठलो, चष्मा सारखा केला, टाचा उंच करून आत डोकावलो. गोळी माझ्या बुटाशेजारी पडली, तरी ते तसंच आ करून राहिलं, जणू डॉक्टरांनी नीट बघून घ्यावं म्हणून.

खारू, आत एकही दात नाही! इतकं निरोगी तोंड मी आजवर पाहिलेलं नाही.

तुझा मामा